दहा रविवारांची भिशी

पाचवीच्या वर्गात बाईंनी विचारलं, "माणसं पैसे कुठे ठेवतात?" बाईंना उत्तर 'बँकेत' असं हवं होतं, हे कुणालाही कळलं असतं. फळ्यावर त्यांनी बँकेचं छान खांबाखांबांचं चित्रसुद्धा काढलं होतं. पण सॅलिनासच्या पूर्वेकडच्या शेतमजुरांच्या वस्तीतली पोरं ती. एक म्हणाला गादीखाली, एक म्हणाली कॉफीच्या डब्यात, आणि मागच्या बाकावरचे तिघंचौघं एका सुरात म्हणाले, "सित्लालीच्या आईकडे."

बाई चांगल्या होत्या. त्या हसल्या आणि त्यांनी सित्लालीला फळ्यापाशी बोलावून खडू तिच्या हातात दिला. दहा वर्षांची ती पोर मग अशी काही रंगात आली की विचारू नका. दहा जणी असतात, दर आठवड्याला सगळ्या ठरलेले पैसे काढतात, आणि एकेका आठवड्याला एकेकीला सगळी थैली मिळते. तिकडे त्याला तांदा म्हणतात. आपली भिशीच ती, दुसरं काय! तेव्हा आपण भिशीच म्हणू. "आणि एखादीने पैसे उचलले आणि मग भरलेच नाहीत तर?" बाईंनी विचारलं. "तर माझी आई भरते," सित्लाली म्हणाली. "भिशी चालवणारीने भरायचे असतात. नाहीतर तिच्याकडे पैसे कोण देईल?"

त्या दिवशी घरी आली ती हवेतच. मुलांची भिशी लावायची म्हणाली. तिचा बाप एव्हारिस्तो टायरच्या दुकानातून येऊन हात धूत होता. त्याला इतकं कौतुक वाटलं की ओल्या हातानेच त्याने तिला उचलून घेतलं. आई मात्र जागची हलली नाही. एर्लिंदा शेतात लेट्यूस कापणाऱ्या टोळीत होती. दिवसभर वाकून पाठीचा पार पिट्ट्या पडलेला असायचा, तरी टोळीतल्या बायकांची भिशी गेली बारा वर्षं तीच चालवत होती आणि त्या बारा वर्षांत एक डॉलर कधी इकडचा तिकडे झाला नव्हता. तिने लेकीला समोर बसवून तीन गोष्टी सांगितल्या. पैसे मोजायचे ते सगळ्यांसमोर. चालवणारीने पहिला नंबर स्वतः घ्यायचा, कारण जोखीम तिची असते. आणि शेवटचा नंबर कुणालाही जबरदस्तीने द्यायचा नाही.

"का?" सित्लालीने विचारलं.

एर्लिंदा म्हणाली की शेवटचा नंबर दोघीच घेतात. जिला पैशांची गरज नाही ती, नाहीतर चालवणारीवर डोळे मिटून विश्वास असेल ती. ती स्वतः लोकांच्या भिशीत कितीदा तरी असायची, पण शेवटचा नंबर तिने आयुष्यात घेतला नव्हता. आपण दोन्हीतल्या नाही बाबा, असं म्हणून ती हसायची.

लेकीने तिन्ही गोष्टी ऐकून घेतल्या आणि दुसरी लगेच मोडली. पहिला नंबर मी घेणार नाही, सगळ्यांनी चिठ्ठ्या काढायच्या, म्हणाली. चर्चच्या अंगणात प्रार्थनेनंतर दहा पोरं जमली. प्रत्येकी तीन डॉलर, म्हणजे थैली तीस डॉलरची. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी सुरुवात करायची, आणि दहा रविवार. चिठ्ठ्या निघाल्या. पहिला नंबर लेओबार्दोला लागला. दुसरा आणि चौथा रुवाल्काबांच्या दोघी बहिणींना. सित्लालीला नववा लागला. दहावा लागला सहा वर्षांच्या चेलोला, आणि तिला त्याचं काहीच वाटलं नाही. तिला रविवारच्या बाजारातला ससा घ्यायचा होता आणि ससेवाला दर रविवारी असतोच, असं तिचं म्हणणं होतं. सित्लालीला त्याच बाजारातले चाकांचे बूट हवे होते, जांभळ्या चाकांचे, जुनेच पण धडके. अठ्ठावीस डॉलर. दुकानदारीणबाईंनी ते तिच्यासाठी टेबलाखाली सारून ठेवले होते.

घरी आल्यावर एर्लिंदाने एकच विचारलं, "रविवार मोजलेस?"

"मोजले. दहा."

एर्लिंदा लेकीकडे जरा वेळ बघत राहिली. मग उठली आणि पोळ्या शेकायला तवा तापवायला ठेवला. एव्हारिस्तोला वाटलं, झालं, बायकोला कौतुक करायला शब्द जड जातात नेहमीप्रमाणे. त्याने त्या प्रश्नाकडे लक्षच दिलं नाही.

पुढचे सात रविवार एकदम थाटात गेले. कॉफीच्या रिकाम्या डब्याच्या झाकणाला एव्हारिस्तोने फट पाडून दिली होती. पोरं तिच्यात पैसे टाकायची, मग सित्लाली झाकण काढून सगळ्यांसमोर मोजायची आणि ज्याची पाळी त्याच्या हातावर ठेवायची. लेओबार्दोने पहिल्याच रविवारी फुटबॉलचे बूट घेतले आणि दुसऱ्या रविवारी ते मिरवले. मोठी माणसं बाजूला मक्याचे तमाले विकणाऱ्या गाडीपाशी उभी राहून हसत बघायची. एर्लिंदाची पोर आहे हो, कुणीतरी म्हणायचं. आणि एव्हारिस्तोची छाती फुगायची.

मग नोव्हेंबर अर्धा सरला आणि लेट्यूस संपलं. दर वर्षी संपतं तसंच. हिवाळ्यात ते खाली दक्षिणेला, उबदार युमाकडे पिकतं, आणि ज्यांच्या हाताला ते कापायची सवय आहे ती माणसंही त्याच्यामागे जातात, ती मार्चअखेर परत येतात. काहीजण पोरंबाळं घेऊन जातात, काही ठेवून जातात. एर्लिंदा लेकीला ठेवून जायची, शाळा बुडू नये म्हणून. तिकडे एका खोलीत चौघी राहायच्या, तिथे पोर नेऊन करणार काय.

सातव्या रविवारनंतरच्या सोमवारी पहाटे एर्लिंदाची गाडी आली. सित्लाली दर वर्षी करते तेच तिने केलं. न्हाणीघरात जाऊन कडी लावून बसली आणि गाडीचा आवाज गल्लीच्या टोकाला जाऊन विरेपर्यंत बाहेर आली नाही. त्या घरात आईच्या जाण्याबद्दल आधी बोलायचं नाही आणि ती गेल्यावर दिवस मोजायचे नाहीत, अशी न ठरवलेली रीत होती. मोजले की लांबतात, असं एव्हारिस्तोला वाटायचं. पोरीलाही तसंच वाटत असणार.

आठव्या रविवारी चर्चच्या अंगणात सातच पोरं आली. लेओबार्दोचं घर बुधवारी युमाला गेलं होतं, रुवाल्काबा त्याच्या दुसऱ्या दिवशी. तिघांनीही थैली आधीच उचललेली. डब्यात एकवीस डॉलर होते आणि आठव्या नंबरचा मुलगा हात पुढे करून उभा होता. एव्हारिस्तोला लांबूनच लेकीच्या चेहऱ्यावरून कळलं. या वस्तीत शेंबडं पोरसुद्धा जाणतं की नोव्हेंबरात अर्धा गाव उठतो. मोठ्या बायकांच्या भिशा म्हणून तर त्याच्या आत आटपतात. आणि त्याच वस्तीतल्या, भिशीवालीच्या पोटच्या पोरीने डिसेंबरपर्यंत भिशी लावली होती!

सित्लाली आठव्या नंबरला म्हणाली, थांब. घरी पळत गेली. दुकानातल्या चिंध्या धुवून तिने काचेच्या बरणीत अकरा डॉलर साठवले होते. त्यातले नऊ आणून तिने सगळ्यांसमोर तीस पुरे केले. वाटेत एव्हारिस्तो खिशात हात घालत होता, तर तिने मानेनेच नाही म्हटलं.

नववा रविवार तिचा स्वतःचा. डब्यात पुन्हा एकवीस. त्यातले नऊ तिने चेलोसाठी डब्यातच ठेवले, कारण पुढच्या रविवारीही नऊ कमी पडणार होते. बारा तिच्या हातात आले. बरणीतले दोन धरून चौदा. बाजारात जाऊन तिने त्या बाईंना सांगितलं की बूट दुसऱ्या कुणाला दिले तरी चालतील. बाई म्हणाल्या, अगं ठेवते की अजून. सित्लाली म्हणाली नको, तुमची जागा अडते. एव्हारिस्तो दोन पावलं मागे उभा होता. त्याला तिथेच रडू यायचं बाकी राहिलं.

आता हा एव्हारिस्तो म्हणजे मनाने लोणी. टायर हाणायला बसला की हात लोखंडाचे, पण लेकीचा हिरमुसला चेहरा त्याला बघवायचा नाही. सबंध आठवडा त्याने स्वतःशी घोकलं की मध्ये पडायचं नाही, एर्लिंदा असती तर पडली नसती. पण शनिवारी त्याने बघितलं, पोर फुटपाथवर बसून समोरच्या मुलीची चाकं फिरताना बघत होती, आणि ती रडतही नव्हती, नुसती बघत होती. झालं! पोरीचे बुडाले होते सत्तावीसच डॉलर. सत्तावीस डॉलरने काय होतं? त्याने पाकिटातून जुन्या मळक्या नोटा निवडून काढल्या, घड्या घातल्या आणि डब्याच्या फटीतून आत सारल्या. सकाळी पोरीला वाटेल की त्या तिघांनी कुणाबरोबर तरी पाठवले. इतकाच त्याचा विचार. त्याच्या पुढचा विचार त्याने केलाच नाही.

रविवारी चेलो ठेवणीतला झगा घालून, सशासाठी खोका घेऊन आली. तिची आजी सोबत होती. सात जणांनी पैसे टाकले. सित्लालीने झाकण काढलं आणि मोजायला सुरुवात केली. नऊ आधीचे, एकवीस आजचे, तीस व्हायला हवे होते. सत्तावन्न झाले.

तिने पुन्हा मोजले. पुन्हा सत्तावन्न.

पैसे कमी भरले तर लोक हळहळतात. जास्त भरले की संशय येतो. हे एव्हारिस्तोला तिथे, त्या अंगणात, सगळ्यांच्या देखत कळलं. पोरं आधी हसली, मग एकमेकांकडे बघू लागली. आठव्या नंबरच्या मुलाची आई तमालेच्या गाडीपासून पुढे आली आणि तिने लेकाला विचारलं, तुला तीस पुरे मिळाले होते ना? एक मोठा पोरगा म्हणाला, मागच्यांचे कापून ठेवले असतील हिने. चेलोची आजी म्हणाली, असं नाही बोलू. पण ती म्हणाली म्हणजे तिच्याही डोक्यात ते येऊन गेलं होतं. सित्लाली नोटा हातात घेऊन उभी होती. ती एकेका पोराला विचारत होती, तू दोनदा टाकलेस का? तू टाकलेस का? नऊ डॉलर घरून आणताना ती रडली नव्हती, बूट सोडताना रडली नव्हती. आता मात्र तिचे डोळे भरले.

एव्हारिस्तो पुढे झाला. "मी टाकले," तो म्हणाला. "काल टाकले. पोरीला ठाऊक नाही. तिने कुणाचा एक डॉलर घेतलेला नाही. तिघं गेले त्यांचे तिने स्वतःच्या खिशातून भरलेत, आणि मी मूर्ख, मला ते बघवेना."

सित्लालीने नाक पुसलं. डब्यातून घडी घातलेल्या नोटा निवडून वेगळ्या केल्या, सत्तावीसपर्यंत मोठ्याने मोजल्या आणि बापाच्या हातात दिल्या.

"पपा, तुम्ही भिशीत नाही आहात," ती म्हणाली.

मग तिने उरलेले तीस मोजले आणि चेलोच्या खोक्यात ठेवले. चेलोने ते तसेच खोक्यात घेऊन बाजाराकडे धूम ठोकली आणि आजी तिच्यामागे ओरडत धावली. आठव्या नंबरच्या आईने सित्लालीच्या डोक्यावरून हात फिरवला. सित्लालीने तो फिरवू दिला, पण बघितलं नाही.

घरी जाताना ती त्याच्या दोन पावलं पुढे चालत होती. शेवटी एव्हारिस्तो म्हणाला, चुकलं माझं. गल्लीच्या तोंडाशी ती थांबली. मग म्हणाली, "आई असती तर तिने नसते टाकले." तिने ते रागाने म्हटलं नव्हतं, म्हणून त्याला जास्तच लागलं.

दर रविवारी दुपारी एर्लिंदाचा फोन यायचा. त्या दिवशी एव्हारिस्तो फोन घेऊन सरळ मागच्या दारी गेला. स्वतःचा गाढवपणा त्याने आधी सांगून टाकला. ती पलीकडे हसली नाही, चिडलीही नाही. मग त्याच्या मनात आठवडाभर साचलेलं बाहेर पडलं. तू रविवार मोजलेस का विचारलंस तेव्हाच तुला माहीत होतं, तो म्हणाला. बारा वर्षं भिशी चालवतेस. एका शब्दाने सांगितलं असतंस तर पोरीचे सत्तावीस डॉलर वाचले असते. धडा शिकवायचा होता ना तुला? घे, शिकली. कसली आई आहेस तू?

 

"काय सांगायला हवं होतं मी?" एर्लिंदा म्हणाली. आवाज तिचा नेहमीचा नव्हता. "दहा रविवार मोजत होती ती. किती खूश होती तू बघितलं नाहीस का? तिने असे मोजले होते की जसं मी जाणारच नाहीये. सातव्यानंतर तुझी आई नाही, असं म्हणू तिला? मला नाही जमलं, एव्हारिस्तो. तोंडापर्यंत आलं होतं. नाही जमलं."

एव्हारिस्तो मागच्या पायरीवर मटकन बसला. आपल्या बायकोला तो बारा वर्षं दगड समजत आला होता, आणि त्या दगडाला पोरीचं तोंड बघून एक आकडा बोलवला नव्हता. त्याने तिला विचारलं, जेवलीस का? ती म्हणाली, हो, तू? तो म्हणाला, हो. मग दोघंही नुसतीच फोन कानाला लावून बसली.

"आणि ऐक," थोड्या वेळाने एर्लिंदा म्हणाली. लेओबार्दो आज तिच्या खोलीवर आला होता. नऊ डॉलर, सगळ्या सुट्ट्या नोटा. तिने त्याला एका शब्दाने विचारलं नव्हतं, कारण भिशी तिची नव्हती. तो म्हणाला, सित्लालीने माझं नाव कुणाला सांगितलं का? एर्लिंदा म्हणाली, नाही, तिने कुणाचंच सांगितलेलं नाही. तो पैसे ठेवून निघून गेला. रुवाल्काबांच्या पोरींकडून काही आलं नव्हतं. येईल असंही वाटत नव्हतं.

दारात पावलं वाजली. सित्लाली उभी होती. कधीपासून उभी होती कोण जाणे. तिने हात पुढे केला आणि बापाने फोन तिच्या हातात दिला.

तिने लेओबार्दोचं ऐकून घेतलं आणि म्हणाली की त्यालाही पुढच्या भिशीत घेणार. फेब्रुवारीपासून नवीन लावतेय. तीनच डॉलर. आधीचे सातजण आहेत, घरी आल्या आल्या सगळ्यांच्या दारी जाऊन आले, सगळ्यांनी हो म्हटलंय, चेलोच्या आजीने तर सगळ्यात आधी. आणि या खेपेला पहिला नंबर मी घेणार आहे आई, तू म्हणालीस तसं.

एव्हारिस्तोला फोनमधला एर्लिंदाचा आवाज पायरीवरून स्पष्ट ऐकू येत होता.

"रविवार मोजलेस?"

"मोजले," सित्लाली म्हणाली. एका हाताने ती पायरीचा पोपडा उचकटत होती. "नऊ. शेवटचा तू येशील तो."

 

"नऊ रविवार, आणि लेओबार्दो धरून माणसं आठच झाली की गं," एर्लिंदा म्हणाली. "शेवटचा नंबर कुणाचा?"

"कुणाचाच नाही अजून."

"मग माझं नाव घाल."

एव्हारिस्तोने मान खाली घातली आणि स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला. सित्लालीला त्यातलं किती कळलं कोण जाणे. ती एकदम भिशीवालीच्या आवाजात म्हणाली, "पण तीन डॉलर दर रविवारी इथे पोचले पाहिजेत. उशीर चालायचा नाही." एर्लिंदा म्हणाली, नाही होणार गं बाई, लेओबार्दोचे आणि माझे मी मिळून पाठवीन.

"आणि आई," सित्लाली म्हणाली, आणि आता आवाज दहा वर्षांच्या पोरीचा होता, "तू पण उशीर करू नकोस."

फोन ठेवल्यावर ती आत गेली. टायरच्या दुकानातून आलेलं नव्या वर्षाचं कॅलेंडर अजून गुंडाळलेलंच पडलं होतं. ते तिने उलगडलं, चारी कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी लाल खडूने गोल केला. मग फेब्रुवारीवर येऊन एकेका रविवारी बोट ठेवत मोजायला लागली. एव्हारिस्तो तिच्या शेजारी जमिनीवर बसला आणि तिच्याबरोबर मोजू लागला.